मांजराच्या किडन्या थकल्या, तर घरी काय करायचं

दुपारची भांडी आवरून, शेंगा फोडत नाहीतर गोधडीला टाके घालत तुम्ही ऐकत असाल. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. हसा. आमच्या गटाच्या बैठकीतही हसल्याच होत्या.

त्या बैठकीत आमच्यातल्या एका मावशींनी दोन हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. सचिवबाईंनी वहीत लिहायला कारण विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "सोनीच्या औषधपाण्याला." सोनी म्हणजे त्यांची मांजर. मग काय, एकच हशा. एक जण म्हणाली, "अहो, तेवढ्यात करडू येईल की." मावशी खाली मान घालून बसल्या. शेवटी आमच्या अध्यक्षा बोलल्या. बारशाच्या जेवणाला कर्ज दिलं, मोबाईलला दिलं, तेव्हा कुणाला हसलो का आपण? हप्ता मावशी भरणार, व्याज शेकडा दोननंच भरणार, मग आपलं काय जातंय? ठराव झाला. कारणाच्या रकान्यात "औषधोपचार" लिहिलं. मला तर ते अगदी बरोबर वाटतं.

मावशी एकट्या राहतात. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, त्याच वर्षी सोनी पिल्लू म्हणून घरात आली. तेरा वर्षं झाली. कणगीला तिनं उंदीर लागू दिला नाही, आणि रात्री ती मावशींच्या पायाशी गोधडीत असते. मुलीचा फोन आला की आधी सोनीची चौकशी. अशा जनावराच्या किडन्या गेल्या असं कळल्यावर शेजारीपाजारी म्हणाले, म्हातारी झाली, द्या सोडून. पण मावशींबरोबर मी तालुक्याच्या दवाखान्यात गेले, डॉक्टरांना खोदखोदून विचारलं, आणि कळलं की करण्यासारखं बरंच आहे. बरं मात्र होत नाही, हे आधीच सांगते. थकलेली किडनी परत तरुण होत नाही. पण खाऊनपिऊन, उन्हात लोळून मांजराला पुढचे दिवस काढता येतात. कधी महिने, कधी वर्षंसुद्धा.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथंच आपण फसतो. मावशी डॉक्टरांना म्हणाल्या, "सोनी तर भरपूर मुततेय. मग किडनी खराब कशी?"

धुण्याचं उदाहरण घ्या. साबण चांगला असेल तर बादलीभर पाण्यात कपड्यांचा मळ निघतो. साबण हलका असला की त्याच मळाला तीन बादल्या लागतात. किडनीचं तसंच आहे. रक्तातली घाण काढून ती लघवीवाटे बाहेर टाकायची, हे तिचं काम. मांजराचे पूर्वज वाळवंटातले. त्यामुळे धडधाकट मांजराची किडनी अगदी थोड्या पाण्यात ही सगळी घाण बाहेर काढते, म्हणून त्याची लघवी थोडी आणि उग्र वासाची असते. किडनी थकली की तेवढीच घाण काढायला तिला खूप पाणी लागतं. लघवी पाण्यासारखी पातळ आणि जास्त होते. अंगातलं पाणी कमी पडतं, म्हणून मांजर सारखं पाण्याकडे धावतं. ते जास्त पितंय ते जास्त मुततंय म्हणून. याचा उलटा अर्थ लावून काही जणी पाण्याचं भांडंच उचलून ठेवतात, गोधडी ओली करते म्हणून. असं करू नका. पाणी तोडलं तर ते मांजर दोन दिवसांत आडवं होईल.

शहरातलं मांजर घरात वाळूच्या पेटीत मुततं, म्हणून तिथं लगेच लक्षात येतं. आपली मांजरं परड्यात, उकिरड्यावर जाऊन येतात. पाणी गुरांच्या हौदात पितात, न्हाणीतलं पितात. कोण बघतंय? त्यात उन्हाळा असला की वाटतं, तहान लागली असेल. म्हणून म्हातारं मांजर, म्हणजे दहा वर्षांच्या पुढचं, अधूनमधून वजन करून बघावं. किराणा दुकानाच्या काट्यावर पाटीत बसवलं की झालं. सोनी साडेतीन किलोची होती, दवाखान्यात नेली तेव्हा दोन किलो सहाशे भरली. अंगावरचे केस राठ, चिकटल्यासारखे. तोंडाला घाण वास. सकाळी पांढऱ्या फेसाची उलटी. दूध पुढे ठेवलं तर वास घेऊन मान फिरवायची. ही सगळी या दुखण्याची लक्षणं. मात्र ती दिसायला लागेपर्यंत किडनीचा निम्म्याहून बराच जास्त भाग कामातून गेलेला असतो. म्हणून आधी का कळलं नाही, याचा दोष स्वतःला लावून घेऊ नका. शरीरच ते झाकून ठेवतं.

पाणी जास्त पिणं आणि वाळणं हे मधुमेहातही होतं, थायरॉइडच्या आजारातही होतं. तेव्हा अंदाजावर जाऊ नका, रक्त तपासा. त्यात क्रिएटिनिन नावाचा आकडा असतो, तोच माणसांच्या रिपोर्टातही असतो. मांजराचा १.६ च्या खाली असेल तर बहुधा ठीक. १.६ ते २.८ ही आजाराची दुसरी पायरी, २.९ ते ५ तिसरी, ५ च्या वर चौथी. सोनीचा ३.४ आला. एकाच आकड्यावरून घाबरायचं नसतं. मांजर सुकलेलं असलं, अंगात पाणी कमी असलं, तरी आकडा चढतो. सलाईन देऊन चारआठ दिवसांनी पुन्हा तपासला की खरी पायरी कळते. त्यासोबत लघवी, फॉस्फरस, पोटॅशियम आणि जमलं तर रक्तदाब. दुसऱ्या पायरीवरची मांजरं काळजी घेतली तर दोन-तीन वर्षंही काढतात. चौथ्या पायरीवर हिशेब आठवड्यांचा नाहीतर थोड्या महिन्यांचा.

कुठं न्यायचं? तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा. गुरांच्या कामात ते बुडालेले असतात, मांजराचं रक्त काढायची सोय प्रत्येक ठिकाणी नसते. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. आपल्या सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तसंच परभणी, उदगीर, नागपूर आणि मुंबईत परळला आहे. तिथल्या दवाखान्यांत लहान जनावरंही बघतात. न्यायला पिशवी नको. वेताच्या पाटीत जुनी साडी घालून वर दुसरी पाटी बांधा. मांजर एस.टी.त सुटलं तर काय होईल ते मी सांगायला नको.

मावशींचे दोन हजार कसे खर्च करायचे, हे आम्ही बसून ठरवलं. आधी रक्त-लघवीची तपासणी, मग जे सापडेल त्यावरचं औषध. तपासणीआधी टॉनिकं, ताकदीच्या बाटल्या यांत पैसा घालवायचा नाही, हे डॉक्टरांनीही मान्य केलं.

आता घरच्या कपाटातल्या गोळ्यांबद्दल. मांजर मलूल दिसलं की आपल्याला वाटतं, ताप असेल, अर्धी गोळी देऊ. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध पचवून बाहेर टाकायची ताकद त्याच्या यकृतात नाही. अंगदुखीच्या आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या तर थेट किडनीवर घाव घालतात. थोरल्या बायकांना आठवत असेल, मेलेल्या बैलावर माळावर गिधाडांचे थवे उतरायचे. ते कुठे गेले? गुरांना डायक्लोफिनॅक द्यायचे, ती जनावरं मेली की गिधाडं खायची, आणि गिधाडांच्या किडन्या निकामी व्हायच्या. त्यासाठी २००६ साली सरकारनं जनावरांच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. आकाशातलं एवढं मोठं पाखरू ज्यानं गेलं, ती गोळी तीन किलोच्या मांजराला देऊ नका. मुतखड्याचे काढेही नकोत. आणि लग्नातल्या गुच्छात लिलीची फुलं असतील तर ती घरात आणू नका. त्यांचा पराग अंगावर पडून मांजरानं चाटला तरी धडधाकट मांजराच्या किडन्या दोन-चार दिवसांत बंद पडतात.

पाण्याचं सोपं आहे. घरात तीन-चार ठिकाणी पसरट भांडी ठेवा, काठोकाठ भरून. परात चालते, मातीचं पसरट मडकं उत्तम. जेवणाच्या ताटलीला लागून नको, थोडं लांब. रोज ताजं. एक भांडं झोपायच्या जागेजवळ, कारण म्हातारं मांजर रात्री अंगणात जायला कंटाळतं. तिथंच घमेल्यात वाळू ठेवा म्हणजे गोधडीही वाचेल.

खाण्याचं मात्र जरा बारकाईनं बघावं लागतं. आपलं मांजर म्हणजे दूध-भाकरी, हे डोक्यात पक्कं बसलंय. पण मांजर मांस खाणारं जनावर आहे, वाघाची मावशी उगाच नाही म्हणत. भाकरीवर ते जगतं ते उंदीर, पाली, चिमण्या पोटात जातात म्हणून. आजारी मांजर शिकार करत नाही, मग नुसत्या दूध-भाकरीवर ते झपाट्यानं वाळतं. थकलेल्या किडनीला सगळ्यात जास्त त्रास फॉस्फरसचा. तो हाडांत भरपूर, दुधातही बऱ्यापैकी. म्हणून हाडं, मासळीची डोकी बंद. सुकट, बोंबील, खारा मासा बंद, त्यात मिठाचा मारा असतो. कालवणातलं मटण धुऊन दिलं तरी नको, कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या पेशी फोडतात.

मग द्यायचं काय? किडनीच्या आजारासाठीचं तयार खाद्य मिळतं, मोठ्या गावांत दुकानात असतं. परवडत असेल तर तेच सगळ्यात चांगलं. एकदम बदलू नका, जुन्यात मिसळत दोन-तीन आठवड्यांत न्या. नाही परवडलं, आणि आपल्यातल्या बहुतेकींना नाहीच परवडणार, तर बिनहाडाचं कोंबडीचं मांस बिनमिठाचं उकडा आणि ते पाणी टाकून द्या, म्हणजे थोडा फॉस्फरस पाण्याबरोबर जातो. उकडलेल्या अंड्यातला पांढरा भाग चांगला, त्यात फॉस्फरस कमी. थोडा मऊ भात कालवा. पण महिनोन्महिने एवढ्यावर भागत नाही. कॅल्शियम आणि टॉरिन कमी पडतं. ते किती घालायचं हे डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या. फॉस्फरस वाढलेला असेल तर तो आतड्यात बांधून ठेवणारं औषध देतात, ते जेवणातच मिसळायचं, नंतर दिलं तर उपयोग नाही.

आणि एवढं पथ्य सांगून झाल्यावर डॉक्टर जे म्हणाले ते मला फार आवडलं. चुकीचं खाल्लेलं चालेल, उपाशी राहिलेलं चालणार नाही. मांजर दोन-तीन दिवस काहीच खाईना झालं की यकृतात चरबी साठून वेगळंच दुखणं सुरू होतं. तेव्हा सोनीनं पथ्याचं नाकारलं आणि शेजारचा मासळीचा तुकडा खाल्ला, तर त्या दिवशी मावशींनी खुशाल खाऊ द्यावा. अन्न कोमट करा, वास सुटला की तोंड लावतात. दिवसातून पाच वेळा चमचा-चमचा. ओठ सारखे चाटणं, लाळ गळणं, ताटलीजवळ येऊन मागं फिरणं म्हणजे पोटात मळमळ आहे. अशा वेळी तोंडात कोंबू नका, ते त्या अन्नालाच घाबरायला लागतं. मळमळीचं औषध आहे, भूक वाढवायचंही आहे. मागून घ्या. ही दोन औषधं सुरू केल्यावर चौथ्या दिवशी सोनी स्वतःहून चुलीजवळ येऊन बसली.

आता सलाईन. याची बायकांना सगळ्यात भीती, आणि शिकलं की यासारखं सोपं काही नाही. मांजराला शिरेतून न देता कातडीखाली देतात. डॉक्टरांनी किंवा पशुधन पर्यवेक्षकांनी समोर बसवून दाखवल्याशिवाय मात्र कुणी करायचं नाही, आणि किती मिली, किती दिवसांआड, हे त्यांनीच ठरवायचं. हृदयाचा आजार असलेल्या मांजराला जादा पाणी घातक ठरतं. बाटली बहुधा रिंगर लॅक्टेटची असते. साखरेचं सलाईन चालत नाही, नाव वाचून घ्या.

मावशींच्या घरी असं चालतं. बाटली कोमट पाण्यात ठेवतात, थेंब मनगटावर टाकून बघतात, बाळाचं दूध बघतो तसं. मग खुंटीला टांगतात. सोनीला जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर. शेजारची सून, बारावी झालेली, हाताची हलकी आहे. ती दोन खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून वर उचलते, तंबूसारखी, आणि त्या पोकळीत सुई घालते. पाच-दहा मिनिटांत शंभर मिली जातं. पाठीवर उंटासारखं टेंगूळ येतं, थोड्या वेळानं ते ओघळून पायावर उतरतं. घाबरायचं नाही, काही तासांत जिरतं. सुई दर वेळी नवी. बाटलीतलं पाणी गढूळ दिसलं तर टाकून द्या. दुसऱ्या दिवशीही टेंगूळ तसंच असेल किंवा श्वास भराभर चालला असेल तर पुढचं सलाईन न देता आधी फोन करा. पहिल्या दिवशी मावशी डोळे मिटून बसल्या होत्या. आता त्याच बाटलीची चावी फिरवतात.

गोळी मांसाच्या लहान गोळ्यात लपवा, आणि नंतर चमचाभर पाणी पाजा, कोरडी गोळी घशात चिकटते. कडू गोळी सगळ्या जेवणात कुस्करलीत तर जेवणही जाईल आणि गोळीही.

काही गोष्टींत वाट बघायची नाही. मांजर एकाएकी भिंतीला धडकायला लागलं, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, तर रक्तदाब चढून नजर गेलेली असते, त्याच दिवशी औषध मिळालं तर कधी परत येते. मान खाली लोंबली तर पोटॅशियम उतरलंय. हिरड्या पांढऱ्या पडल्या तर रक्त कमी झालंय. आणि बोका वारंवार मुतायला बसतोय, ओरडतोय, थेंबही येत नाही, तर त्याला शौचाला होत नाही असं समजून एरंडेल पाजू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल. तो दोन-तीन दिवसांत मरतो, आणि वेळेवर नेला तर वाचतो.

म्हातारपणातला हा किडनीचा आजार माणसांना किंवा शेळ्यांना लागत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण एका घरी सासूबाईंनी लेकरांना लागेल म्हणून मांजर पोत्यात घालून वेशीबाहेर सोडायला लावलं होतं. जनावर उपाशी-तहानलं मरेल असं टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे.

शेवटचं बोलणं अवघड आहे, पण बोलते. कधी थांबायचं? मावशींच्या कॅलेंडरवर आम्ही रोज संध्याकाळी खूण करतो. खाल्लं, अंग चाटलं, उन्हात बसली, तर बरोबरची खूण. नाहीतर फुली. लागोपाठ फुल्या यायला लागल्या, औषध देऊनही दोन-तीन दिवस अन्न नाही, तोंडात जखमा, अडगळीत लपून बसणं, झटके, म्हणजे डॉक्टरांशी स्पष्ट बोलायची वेळ आली. ते इंजेक्शन देऊन शांत करू शकतात. भुलीच्या औषधाचाच तो मोठा डोस असतो. मांजर झोपतं आणि काही मिनिटांत हृदय थांबतं.

मांजराची हत्या म्हणजे काशीला जाऊनही न फिटणारं पाप, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. मावशी मला म्हणाल्या, "माझ्या हातनं नको गं बाई." मी त्यांना माझं मत सांगितलं. रक्तात विष साठलेलं, तोंड सोललेलं जनावर आठ दिवस कोपऱ्यात तडफडू देणं, याला मी आपसूक आलेलं मरण म्हणत नाही. पण निर्णय त्यांचा आहे. त्यांनी इंजेक्शन नको म्हटलं तरी मळमळ आणि वेदना कमी करायची औषधं शेवटपर्यंत देता येतात, तेही डॉक्टरांना विचारून ठेवलंय. घरी येतील का, किती घेतील, रविवारी कुणाला बोलवायचं, हे आधीच विचारा. त्या दिवशी सुचत नाही.

इंजेक्शन दिलेलं मांजर उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकायचं नाही. औषध मेलेल्या अंगात राहतं, कुत्र्यानं किंवा पाखरानं खाल्लं तर तेही मरू शकतं. विहिरीपासून लांब, कंबरभर खोल खड्डा, वर दगड. वापरलेल्या सुया प्लॅस्टिकच्या बाटलीत झाकण लावून साठवा आणि दवाखान्यात परत द्या, तिथं त्यांची वेगळी पेटी असते. उरलेली औषधंही तिथंच द्या, दुसऱ्या कुणाच्या मांजराला तशीच देऊ नका.

तुमच्या गावात मांजर बघणारे डॉक्टर कुठे बसतात हे माहीत असेल तर आपल्या केंद्राच्या फोनवर कळवा, पुढच्या वेळी वाचून दाखवू. येते. नमस्कार.